घराची सनद पेटीत ठेवण्यापूर्वी

बियाण्याची पिशवी घेताना लेबल वाचा, लॉट नंबर टिपून ठेवा, पावती फेकू नका, असे मी गेली बारा वर्षे गावोगाव सांगत आलो. खताची गोणी काट्यावर टाकून घ्या, हेही सांगितले. माती परीक्षणाचा अहवाल आला की नुसता फाईलला लावू नका, नमुना आपल्याच शेतातला आहे ना, गट नंबर बरोबर आहे ना, हे आधी बघा, हे तर माझे ठरलेले वाक्य. लोक हसतात, “भाऊसाहेब, पुन्हा तेच का?” म्हणतात. आणि स्वतःच्या घराची सनद हातात पडली तेव्हा मी काय केले? न वाचता आईच्या लोखंडी पेटीत ठेवून दिली.

कार्यक्रम झोकात झाला होता. शाळेपुढे मंडप, माइक, नारळ. एकेकाचे नाव पुकारले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. आईने सनद कपाळाला लावली. “तुझ्या बापाच्या माघारी घर कागदावर आलं,” म्हणाली. मी म्हटलं, झालं काम.

पुढे धाकट्या भावाला पिठाच्या गिरणीसाठी कर्ज हवे होते. बँकेत कागद मागितले म्हणून पेटी उघडली. सनदेवर क्षेत्र होते ८३.६ चौरस मीटर. आकडा वाचला आणि ओळखीचा वाटेना. आमचे घर रुंदीला ३० फूट आणि परसासह लांबीला ४५ फूट. म्हणजे १३५० चौरस फूट, सुमारे १२५ चौरस मीटर. मागचा १५ फुटांचा परस, जिथे आईची तुळस आहे, म्हशीचा गोठा होता आणि कडुनिंबाचे झाड आहे, तो कागदावरून नाहीसा झाला होता. नकाशावर तो बोळाला जोडून मोकळी जागा म्हणून दाखवला होता. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. धारकाच्या रकान्यात चुलत्यांचे नाव होते, माझे आणि भावाचे होते. आईचे नाव कुठेच नव्हते. जी बाई त्या घरात चाळीस वर्षे सारवण करत आली, तिच्याच पेटीत तिला वगळलेला कागद आम्ही जपून ठेवला होता.

सनद मिळाल्याला त्या दिवशी ५२ दिवस झाले होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

चूक कुणाची?

कुणीही पहिल्यांदा कार्यालयाला नावे ठेवील. मीही ठेवली. पण नंतर शांतपणे मागोवा घेतला. ड्रोन उडायच्या दोन दिवस आधी गावात दवंडी झाली होती, मोबाईलवर निरोपही आला होता. आपापल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारून ठेवा, एवढेच सांगितले होते. नेमकी त्याच वेळी आमच्या उसाला तोड आली. दौंडकडच्या माणसाला तोड आली म्हणजे काय, हे सांगायला नको. सगळे घर मळ्यात. चुलत्यांनी फोन केला, “अरे, चुना टाकून घे.” मी म्हटलं, “सरकारी माणसं टाकतील की.” त्यांनी टाकला, पण जिथे भिंत दिसली तिथे. परसाची दगडी गडगी दोन पावसाळ्यांपूर्वीच ढासळली होती आणि वर कडुनिंबाची सावली. वरून बघणाऱ्या यंत्राला तिथे झाड दिसले, हद्द दिसली नाही. त्यानंतर चौकशीला कर्मचारी दारात आले तेव्हा घरी पुतण्या होता. शाळकरी पोरगा. त्याने “हो” म्हटले.

म्हणजे मोजणीच्या तीन टप्प्यांवर आम्ही हजर नव्हतो, आणि चौथ्या टप्प्यावर कागद हातात आला तेव्हा वाचला नाही. कार्यालयाचीही चूक होतीच, ती पुढे सांगतो. पण पहिली चूक आमची, आणि मी अधिकारी असून माझी.

कागद छापील असला म्हणून खरा नसतो

आपल्या भागाला मोजणीचा जुना अनुभव आहे. इंग्रजी अमलात १८२७ नंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागाची मोठी मोजणी केली. जमिनीचे प्रकार, उत्पन्न, खर्च, निव्वळ नफा यांचे तपशीलवार तक्ते तयार केले. कागदावर काम देखणे होते. पण मोजणारे कारकून काय लिहितात, हे ताडून बघण्याची सोय धड नव्हती. मापे चुकीची, कुठे लाच घेऊन लिहिलेली, आणि त्यावर बसवलेला सारा जड. त्यात धान्याचे भाव पडले. कुणबी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी ती मोजणी सोडून द्यावी लागली. १८३५-३६ मध्ये आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले आणि पुढे तीच पद्धत भीमथडीसह सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. त्या पद्धतीत एकाने मोजायचे आणि वरच्याने त्यातले काही नंबर पुन्हा मोजून ताडायचे, यावर भर होता. आजचा सातबारा ज्या पायावर उभा आहे तो पाया असा घातला गेला.

यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. मोजणी किती हुशारीने केली यापेक्षा ती कुणी तपासली, याला जास्त किंमत आहे. शंकू-साखळी गेली, ड्रोन आला, तरी हा नियम बदललेला नाही.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. घोडनदीच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे उघडी केली. कुठले घर चौकोनी, कुठले गोल, चूल कुठे, कणगी कुठे, हे सगळे मापासह नकाशावर घेतले. मेलेल्या माणसांच्या घरांची मापे इतक्या काळजीने घेतली जातात, आणि आपण जिवंतपणी आपल्या घराची दोन मापे ताडून बघत नाही, हे काही बरे नाही.

ही मोजणी आहे तरी काय?

शेतजमिनीला सातबारा आहे, पण गावठाणातल्या घराला बहुतेक लहान गावांत मोजणीचा असा कागदच नव्हता. होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो कर आकारणीचा कागद. घरपट्टी कुणाकडून घ्यायची, एवढे त्यातून कळते. मालकीचा पुरावा म्हणून तो एकटा उभा राहात नाही. (महसूल खात्याचा ८-अ वेगळा, तो शेतीच्या खात्याचा. बँकेच्या दारात या दोन ‘आठ’ची गल्लत रोज होते.)

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १२६ मध्ये गावठाणाच्या भूमापनाची तरतूद पहिल्यापासून आहे. पण साखळी घेऊन बोळाबोळांतून फिरायचे म्हणजे काम वर्षानुवर्षे चालणार. म्हणून ड्रोनचा विचार पुढे आला. आपल्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतल्या ७६३ गावांत पहिल्या पत्रिका देण्यास सुरुवात झाली, त्यात महाराष्ट्रातली १०० गावे होती. १८ जानेवारी २०२५ च्या एकाच कार्यक्रमात देशभर ६५ लाखांवर पत्रिका वाटल्या गेल्या.

आकडे मोठे आहेत आणि योजना चांगली आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. घराला कागद मिळाला तर कर्ज मिळेल, वाटणी सोपी होईल, घरकुलाला जागा दाखवता येईल, रस्त्यावरचे अतिक्रमण ओळखता येईल. पण ६५ लाखांच्या वाटपात माझ्या आईचा १५ फुटांचा परस कुणाच्या ध्यानात राहणार? तो आपणच ध्यानात ठेवायचा आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. ही मोजणी गावठाणाची आहे. शिरूर-दौंडकडे निम्मे गाव मळ्यात आणि वस्तीवर राहते. शेतात बांधलेले घर या मोजणीत येत नाही, ते सातबाऱ्याच्या जमिनीवरच राहते. तेव्हा “आमच्या वस्तीला सनद का नाही?” म्हणून ग्रामसेवकाशी भांडू नका. पण वस्तीवर राहता म्हणून गावठाणातले जुने घर, पडका वाडा, मोकळी पांढरी विसरूही नका. चुका जास्त करून अशाच बंद घरांच्या बाबतीत होतात.

ड्रोनला काय दिसते, काय दिसत नाही

ड्रोन वरून फोटो घेतो. त्यावरून १ ला ५०० या प्रमाणात नकाशा होतो. म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर कागदावर १ सेंटिमीटर. आमचा १५ फुटांचा परस त्या नकाशावर जेमतेम ९ मिलिमीटर. बोटाच्या पेराएवढाही नाही. तो गेला तरी नकाशा देखणाच दिसतो.

वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. पत्र्याची वळचण दीड फूट बाहेर आली असेल तर घर तेवढे मोठे वाटते, आणि वळचण शेजाऱ्याच्या बोळावर असेल तर भांडणाला तोंड फुटते. दोन भावांच्या घरांवर एकच सलग पत्रा असेल तर वरून एक घर दिसते. एकाच घराला पुढे माळवद आणि मागे पत्रा असेल तर दोन दिसतात. झाडाखालची हद्द, पडकी गडगी, सामाईक भिंत, पायरी, ओटा, नहाणीचे पाणी जायची जागा, यातले काही यंत्राला कळत नाही. म्हणून तर उड्डाणापूर्वी चुना टाकायचा आणि नंतर कर्मचाऱ्याने नकाशा हातात घेऊन घरोघर जायचे, असे दोन्ही टप्पे ठेवले आहेत. यंत्र चुकत नाही असे जो म्हणतो त्याने हे दोन टप्पे कशाला ठेवले ते सांगावे.

सनद हातात आली की काय बघाल?

चहा पिता पिता अर्ध्या तासात होणारे काम आहे. एक टेप, एक पट्टी, नमुना ८ चा उतारा आणि घरातला जुना कागद घेऊन बसा.

१) नाव. धारकाचे पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, आधार कार्डाशी आणि जुन्या कागदाशी जुळते का? मयत माणसाच्या नावावर पत्रिका निघाली असेल तर वारस नोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. सगळे हिस्सेदार आले का? एका भावाचे नाव राहिले तर आज तो काही बोलणार नाही, पण त्याची मुले बोलतील.

२) क्षेत्र. आकडा चौरस मीटरमध्ये असतो. आपण बोलतो फुटांत, म्हातारी माणसे खणांत. म्हणून फसगत होते. फुटांत लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा आणि १०.७६ ने भागा. ३० बाय ४० फुटांची जागा म्हणजे १२०० चौरस फूट, सुमारे १११.५ चौरस मीटर. भिंतीच्या जाडीमुळे, वाकड्या कोपऱ्यामुळे थोडा फरक पडेल. पण दहात एक भागाचा फरक पडला तरी गप्प बसू नका, कारण विचारा.

३) आकार आणि बाजू. नकाशावर उत्तर कुठे आहे ते आधी बघा. मग पट्टीने प्रत्येक बाजू मोजा. १ मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर. घर चौकोनी असून नकाशावर त्याला कात्री लागली असेल तर का लागली ते शोधा.

४) चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, बोळ कुणाचा, रस्ता कुणाचा? सामाईक भिंत कुणाच्या मिळकतीत धरली? तुमचा कागद एकट्याने बघू नका. शेजाऱ्याचा कागद शेजारी ठेवा. तुमची रेघ आणि त्याची रेघ एकच असली पाहिजे. दोघांच्या रेघांत अंतर असेल तर ते अंतर कुणाच्या तरी नावावर किंवा सरकारच्या नावावर गेलेले असते.

५) सुटलेल्या जागा. परस, ओटा, पायरी, गोठा, उकिरड्याची जागा, आड, शौचालय. जे ‘घर’ दिसत नाही ते आधी सुटते.

६) मिळकत क्रमांक आणि नमुना ८ चा मेळ. ग्रामपंचायतीचा घर नंबर वेगळा आणि भूमापन क्रमांक वेगळा असतो. दोन्ही एकाच जागेचे आहेत ना? एका कुटुंबाची दोन घरे असतील तर अदलाबदल झाली नाही ना?

७) धारणाधिकार आणि शेरा. हा रकाना कुणी वाचत नाही. जागा खाजगी मालकीची, शासनाची, ग्रामपंचायतीची की वतनाची, हे त्यातून ठरते. वादाचा किंवा अटीचा शेरा असेल तर त्याचा अर्थ लेखी विचारा. आपल्याकडे धरणग्रस्तांची नवी गावठाणेही आहेत. अशा ठिकाणी जागावाटपाच्या वेळची अट या रकान्यात येऊ शकते, तिथे जास्त बारकाईने बघा.

एवढे बघूनही काही निघाले नाही, तर उत्तम. मग सनद पेटीत ठेवा. आणि डिजिटल सहीची मिळकत पत्रिका ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावरून काढून सनदेशी एकदा ताडून घ्या.

चूक सापडली तर?

तोंडी तक्रार करू नका. “साहेबांना सांगितलंय, बघतो म्हणाले,” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. बघतो म्हणालेले साहेब बदलून जातात, वाक्य तेवढे राहते. अर्ज लेखी द्या. मिळकत क्रमांक, चूक काय, खरे काय, पुरावा काय, एवढ्या चार ओळी पुरेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या.

चौकशी चालू असेल तर हरकत तिथेच नोंदवा, ते सर्वांत सोपे. निकाल झाला असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली अपील आहे. तालुका पातळीवरच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करायला कलम २५० प्रमाणे ६० दिवसांची मुदत असते. उशीर झाला तर सबळ कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असे नाही. आता कळले ना, ५२ आकडा लक्षात ठेवा असे का म्हणालो? आठ दिवस उरले होते. त्यातला एक रविवार.

पुरावा कामाला आला तो आजोबांनी केलेल्या खरेदीखताचा. त्यात ‘परसासह’ हा शब्द होता आणि मापे होती. नमुना ८ वरही ३० बाय ४५ होते. शेजारच्या दोघांनी परस आमचाच, असे जबाब दिले. पुन्हा मोजणी झाली, या वेळी आम्ही सगळे हजर होतो आणि आईने स्वतः कोपरा दाखवला. दुरुस्ती व्हायला सात महिने गेले. गिरणीचे कर्ज त्या वर्षी झाले नाही.

भावाभावांतला हिस्सा किती, वाटणी झाली की नाही, मृत्युपत्र खरे की खोटे, हे मात्र मोजणी खाते ठरवत नाही. तो दिवाणी न्यायालयाचा विषय. म्हणून मोजणीवाल्याशी हुज्जत घालून भाऊबंदकी सुटत नाही. ती घरात बसून सोडवा, आणि सोडवल्यावर कागद करा.

गावच्या कारभाऱ्यांसाठी चार शब्द

आता कार्यालयाच्या आणि आपल्या, म्हणजे गावपातळीवरच्या नोकरांच्या बाजूकडे वळतो. यात मीही आलो.

चौकशीची नोंद शाळकरी मुलाच्या ‘हो’वर होता कामा नये. घरात जाणते माणूस नसेल तर दुसरी तारीख द्यावी. एका दिवसात अमुक इतकी घरे उरकायची, असा उद्दिष्टाचा बडगा वरून असतो, हे मला माहीत आहे. आम्हालाही असतो. पण उद्दिष्ट गाठून चुकीची नोंद झाली, तर ती सुधारायला दहापट वेळ खर्च होतो, तो कुठल्या तक्त्यात धरायचा?

माझे म्हणणे असे आहे की सनद वाटपापूर्वी किमान आठ दिवस नकाशाची मोठी प्रत चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे. चौकशी नोंदवही आळीआळीने, संध्याकाळी माणसे घरी असताना, मोठ्याने वाचली पाहिजे. रोजगार हमीची हजेरी वाचतात, मतदार यादी लावतात, मग घराची यादी का नको? ज्याला वाचता येत नाही त्याचे नाव त्याच्या कानावर पडले की तो आपोआप बोलतो. “अहो, तो बोळ सामाईक आहे,” असे एक म्हातारा उठून सांगेल आणि पुढची वीस वर्षांची केस तिथेच मिटेल.

सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) यांनी गावाच्या स्वतःच्या मिळकती आधी तपासाव्यात. शाळा, समाजमंदिर, देवळापुढचा चौक, पाण्याची टाकी, रस्ते, पाणंद. सगळे आपापल्या घरात गुंततात आणि गावाची जागा कुणाच्या तरी ओट्यात जाते. नमुना ८ ची जुनी नोंदवहीही दुरुस्त हवी. मयतांची नावे तशीच ठेवलेल्या वहीवरून चौकशी केली तर सनदही मयतांच्याच नावाने निघणार.

आणि सनद देताना सोबत एका कागदावर छापून द्यावे, की चूक असल्यास कुठे, किती दिवसांत, कसा अर्ज करायचा. औषधाच्या बाटलीवर विषाची खूण आणि उतारा छापतात. सनदेसोबत हा उतारा का नको? आमच्या कार्यक्रमात पाऊण तास भाषणे झाली. त्यात ६० दिवसांचा उल्लेख एकदाही झाला नाही.

आईचे नाव

शेवटचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, तो वाचून पान उलटू नका.

१९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम घेतला होता. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असे गावोगाव सांगितले. काही गावांनी ते मनावर घेतले. कायद्यानेही पाऊल पुढे टाकले. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. विधवेचा हक्क तर त्याहून जुना आहे. पण दारात कर्मचारी येतो तेव्हा “पुरुष माणूस कोण आहे घरात?” असा प्रश्न निघतो आणि घरातलेच कुणीतरी उत्तर देते. माझ्या पुतण्याने तीन पुरुषांची नावे सांगितली, ती लिहिली गेली. पोराला दोष नाही. त्याने जे ऐकले होते तेच सांगितले.

वारस नोंदीचा अर्ज मी दिला तेव्हा आई म्हणाली, “कशाला रं माझं नाव? तुमचंच हाय की सगळं.” मी म्हटलं, “आई, मी लोकांना सांगतो, लेबल वाचा. या लेबलावर तुझंच नाव नाही.” ती काही बोलली नाही. दुरुस्त पत्रिका आली तेव्हा मी तिला वाचून दाखवली. आधी तिचे नाव, मग क्षेत्र, मग चारी बाजू. परसाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून तिने विचारले, “तुळस कुठं आली ह्यात?” नकाशावर तुळस नसते. मी अंदाजाने जागा दाखवली.

तुमच्या पेटीतही असा एखादा कागद असेल. आज संध्याकाळी दूध घालून आलात की तो बाहेर काढा. टेप घ्या, घरातल्या बायकांना जवळ बसवा आणि मोठ्याने वाचा. तारीखही बघा. ६० दिवस व्हायला किती उरलेत, ते बोटांवर मोजा.